लिलावाची बोली आणि बुटांचा जोड

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि अवघ्या सहा दिवसांनी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पुढे २०१९ च्या लिलावात चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई यांच्यावर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली. अशा आकड्यांनी डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरील मुलांचे डोळे दिपावेत, हे स्वाभाविकच आहे. परंतु बोली लागते ती तयार झालेल्या खेळाडूवर. त्याला घडवण्याचा खर्च त्या आकड्यात दिसत नाही.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठविण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या त्यागावर उभे आहे. लीगचा पैसा आज कळसावर चढतो. पाया मात्र अजूनही शाळा आणि पालकच भरतात. दिवाळीनंतर वीटभट्टीची वाट धरणाऱ्या कुटुंबाला बुटांचा जोड आणि स्पर्धेचे एसटीभाडेही जड जाते. शिवाय गुडघा एकदा दुखावला की लिलाव संपतो, शिक्षण तेवढे हाती उरते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांनी कायमस्वरूपी क्रीडानिधी उभारावा, असे मला वाटते. त्यातून बूट, आहार, प्रवास आणि दुखापतीवरील उपचार यांचा खर्च भागावा. अट एकच असावी : खेळाडूने बारावीपूर्वी शाळा सोडू नये. शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के क्रीडा आरक्षणाचे दारही आवश्यक शिक्षण घेतलेल्यालाच उघडते.