विम्याचे शब्द समजून घ्या

बियाणे घेताना आपला शेतकरी त्याची जात विचारतो, खत घेताना त्यातील नत्राचे प्रमाण पाहतो. विम्याच्या कागदावर मात्र न वाचता सही करतो. हे हिताचे नव्हे. रायगडच्या किनाऱ्यावर सुपारीवर चढणारा पाडेली व समुद्रावर जाणारा खलाशी यांचे जीवित नित्य जोखमीत असते. म्हणून विम्याच्या शब्दांचा अर्थ येथे घरोघर कळला पाहिजे.

पहिला भेद 'अपघात' व 'जीवन' या शब्दांचा. केंद्र सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या दोन योजनांपैकी सुरक्षा विम्याचा वार्षिक हप्ता २० रुपये व जीवन ज्योती विम्याचा ४३६ रुपये आहे. दोहोंत मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात. परंतु सुरक्षा विमा केवळ अपघातापुरता आहे. झाडावरून पडून, सर्पदंशाने वा बुडून मृत्यू आल्यास तो उपयोगी पडतो, हृदयविकाराने आल्यास नाही. वीस रुपये भरून निश्चिंत झालेल्या कुटुंबास हा भेद दुःखाच्या दिवशी कळावा, हे फार मोठे दुर्दैव होय. जीवन ज्योतीत प्रवेश ५० वर्षे वयापर्यंतच मिळतो, हेही ध्यानात ठेवावे.

'प्रतीक्षा काळ' म्हणजे विमा घेऊनही संरक्षण पूर्ण लागू न होण्याची मुदत. जीवन ज्योतीत ती पहिल्या ३० दिवसांची आहे. या काळात केवळ अपघाती मृत्यूचीच रक्कम मिळते. 'दावा' म्हणजे रकमेची मागणी. तीस पुरावा लागतो : सर्पदंश वा झाडावरून पडणे असल्यास रुग्णालयातील तात्काळ नोंद, बुडाल्यास पोलिसांतील नोंद. 'नूतनीकरण' म्हणजे विमा पुढे चालू ठेवणे. विमावर्ष ३१ मे रोजी संपते. नेमके त्याच सुमारास खरिपाच्या बियाण्यासाठी पैसे काढले जातात. खात्यात हप्त्याइतकी शिल्लक नसल्यास संरक्षण तुटते.

आरोग्याच्या बाबतीत 'अंगीकृत रुग्णालय' हा शब्द महत्त्वाचा. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे मूळ २०१२ सालच्या योजनेत असून तिच्या पहिल्याच टप्प्यात रायगड जिल्हा होता. तरीही योजनेत सामील झालेल्या, म्हणजे अंगीकृत, रुग्णालयातच मोफत उपचार मिळतात, याची कल्पना पुष्कळांस नसते.

केवळ अर्ज भरून घेतल्याने ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे कर्तव्य संपत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ मेच्या ग्रामसभेत हे शब्द अर्थासह वाचून दाखवावेत. विमावर्ष संपण्यास तेव्हा एक महिना उरलेला असतो. तेवढ्या अवधीत खात्यातील शिल्लक व वारसाचे नाव तपासणे प्रत्येकास सहज शक्य आहे.