पाठ केलेली सायकल

आयईएल्ट्सच्या तोंडी परीक्षेत अधूनमधून सायकलचा विषय येतो. लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का? आता चालवता का? तुमच्या भागात लोक सायकल वापरतात का? प्रश्न इतके साधे की याची कसली तयारी करायची, असे वाटावे. तरीही तयारी होते, आणि ती भलत्याच वाटेने होते. कुठल्या तरी व्हिडिओतले ‘बँड नाइन’ उत्तर वहीत उतरवायचे आणि फजरनंतर घोकायचे. त्या उत्तरातला मुलगा रविवारी हेल्मेट घालून पार्कमध्ये जातो, ताजी हवा घेतो, पर्यावरण वाचवतो. आता समजा, हे उत्तर घोकणारा मुलगा धाडचा आहे. बुलढाणा आणि जालना जिल्ह्यांच्या सीमेवरचे, कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातले गाव. त्याची सायकल अब्बूंची, दांडीची, त्याच्या उंचीपेक्षा मोठी. पार्क कुठला?

परीक्षा नेमके काय मोजते ते आधी पाहू. बोलण्याची ही चाचणी ११ ते १४ मिनिटांची. पहिली चार-पाच मिनिटे अशाच घरगुती प्रश्नांची असतात. नंतर एक विषय देतात, तयारीला एक मिनिट मिळते आणि एक-दोन मिनिटे सलग बोलायचे असते. शेवटी त्याच विषयावर थोडी खोल चर्चा. गुण चार गोष्टींना सारखेच: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. उच्चाराला गुण आहेत, गोऱ्यासारख्या लहेजाला नाहीत. बोललेले समजले पाहिजे, एवढेच. तुमचे मत पटले का, तुमचे आयुष्य किती झकपक आहे, याला एकही गुण नाही. पाठ केलेले उत्तर ओळखण्याचे प्रशिक्षण मात्र परीक्षकाला असते. तो मध्येच ‘असे का?’ एवढेच विचारतो आणि पार्कमधला मुलगा तिथेच थांबतो, कारण वहीत पुढचे वाक्य नसते.

हा प्रयोग स्वस्तही नाही. फी १७-१८ हजारांच्या घरात, केंद्र मोठ्या शहरात, आणि गुणपत्रिका दोनच वर्षे चालते. परदेशी शिक्षणासाठी कर्ज घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याजात सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. म्हणजे घरात कुणाचे तरी दागिने मोडून भरलेली फी एका पाठांतरावर लावायची. हा जुगार आहे.

मग काय बोलायचे? जे झाले ते. घरात दखनी-उर्दू, बाजारात मराठी, शाळेत कधी उर्दू तर कधी मराठी, अशा दोन-तीन भाषा आपली मुले रोज वापरतात. इंग्रजी ही पुढची, एवढेच. पाय पोहोचत नव्हते म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारत शिकलो, हे वाक्य पार्कपेक्षा शंभरपट जिवंत आहे: ‘माय फीट डिडन्ट रीच द पेडल्स, सो आय रोड विथ वन लेग अंडर द बार.’ यात अवघड शब्द एकही नाही. धाकट्या बहिणीला शाळेत सोडायचो? ‘आय यूज्ड टू टेक माय सिस्टर टू स्कूल ऑन द बॅक.’ ‘डबल सीट’ म्हटले तर परीक्षकाला कळेलच असे नाही. ‘आय वॉज हॅविंग अ सायकल’ ही आपल्याकडची खास चूक, तिथे ‘आय हॅड अ बायसिकल’ पुरते. आणि एक गंमत ध्यानात ठेवा: आपल्याकडे ‘बाइक’ म्हणजे मोटारसायकल, पण या प्रश्नात ‘बाइक’ म्हणजे बहुतेक वेळा सायकलच. नाहीतर स्प्लेंडरच्या ॲव्हरेजवर भाषण ठोकून याल.

मुलींचे काय? हा प्रश्न आमच्या मते जास्त महत्त्वाचा आहे. कित्येकींचे खरे उत्तर असे आहे: सातवीपर्यंत चालवली, मग ‘आता मोठी झालीस’ म्हणून बंद झाली. हे सांगायला लाज वाटते, म्हणून त्याही पार्कमध्ये जातात. वास्तविक ‘आय स्टॉप्ड व्हेन आय वॉज ट्वेल्व्ह’ हे वाक्य व्याकरणाने चोख आहे आणि पुढच्या चर्चेचे दार उघडणारे आहे. का थांबलात, असे परीक्षक विचारील. विचारू द्या. उत्तर तुमच्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. मोहल्ल्यातही ते एकदा विचारले जावे.

त्या चर्चेत सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेसोबत बायकांना सायकल शिकवली गेली. लाखाहून जास्त ग्रामीण स्त्रिया शिकल्या, त्यांत मुस्लिम स्त्रियाही होत्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. टोमणे त्यांनाही ऐकावे लागले. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. मुरलीधरन आणि प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात. हे सोप्या इंग्रजीत सांगणारी मुलगी ‘सायकल इज गुड फॉर एन्व्हायर्नमेंट’ म्हणणाऱ्यापेक्षा नक्कीच लांब बोलेल.

सरावाला क्लासच हवा असे नाही. दोघे-तिघे जमा, एकाने परीक्षक व्हावे. वही बंद. प्रत्येक उत्तर तीन-चार वाक्यांचे, आणि परीक्षकाने प्रत्येक वेळी वहीत नसलेला एक प्रश्न जोडायचा. फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, एकच चूक निवडा, तेवढीच दुरुस्त करा. घरी बहीण असेल तर तिलाही बसवा, फॉर्म तिने भरलेला नसला तरी. पहिला प्रश्न असा ठेवा: सायकल चालवायला तुम्हाला कोणी शिकवले, आणि पहिल्यांदा पडलात तेव्हा काय झाले?