चिमणीतून फुले

१९८२ साल मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. आदल्या दिवाळीच्या बोनसवरून ठिणगी पडली होती, तिचा वणवा झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्याच वर्षी ब्राझीलच्या साओ पावलो शहरात, पोंपेया नावाच्या वस्तीत, एका बंद कारखान्याची दारे लोकांना खुली झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण बंद कारखान्यांवर यंदाच्या अंकाचा विशेष विभाग काढायचे ठरले तेव्हा आमच्या मनात आधी आला तो पोंपेया. मुंबईच्या गिरणगावाच्या बाबतीत आपले नेमके काय चुकले, हे तिथे उभे राहून लख्ख दिसते.

कारखाना पिंपांचा. १९३८ साली एका जर्मन कंपनीने बांधलेला. पुढे तिथे फ्रिज तयार होत. ‘सेस्क’ या संस्थेने तो विकत घेतला आणि नवे केंद्र उभारायचे काम लीना बो बार्दी या वास्तुरचनाकार बाईंकडे आले. बाई रोमच्या, महायुद्धानंतर, १९४६ साली ब्राझीलला आल्या आणि तिथल्याच झाल्या. पहिल्यांदा गेल्या तेव्हा शेड रिकाम्या होत्या आणि त्यांची नजर खिळली ती काँक्रीटच्या सडपातळ खांबांवर. दुसऱ्यांदा गेल्या त्या शनिवारी. पाहतात तो काय, पोरे हुंदडताहेत, गळक्या छपरातून पडणाऱ्या पावसात फुटबॉल चालला आहे, म्हातारीकोतारी गप्पा मारत बसली आहेत, रस्त्याकडच्या दारापाशी आया मांस भाजताहेत, बाजूला बाहुल्यांचा खेळ रंगला आहे. हे जे चालले आहे ते असेच चालू राहिले पाहिजे, असे बाईंनी तिथेच ठरवले. त्यांच्या कामाचा सगळा आराखडा या एका निर्णयात आला, असे आम्हांला वाटते.

मग त्यांनी बांधकामावरच कचेरी थाटली आणि १९८६ पर्यंत काम चालवले. भिंतींचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या. मोठ्या शेडच्या फरशीतून पाण्याचा एक वळणावळणाचा उथळ प्रवाह नेला आणि त्याला साओ फ्रान्सिस्को या तिथल्या मोठ्या नदीचे नाव दिले. जवळच शेकोटी, वाचायची जागा, प्रदर्शनाची जागा. पलीकडच्या शेडमध्ये मातीकाम, लाकूडकाम यांच्या कार्यशाळा. खानावळीत लांबलचक टेबले, म्हणजे अनोळखी माणसाशेजारी बसण्यावाचून गत्यंतर नाही. नाट्यगृहात रंगमंच मधे, प्रेक्षक दोन बाजूंना आणि खुर्च्या लाकडी, बिनगादीच्या. तक्रार आली की बाई म्हणत, ग्रीक-रोमन लोक दगडावरच बसत होते की! (आमच्या एका सहकाऱ्याला हे उत्तर फार आवडले, त्याच्या पाठीला अजून काही झालेले नाही.)

मागच्या जागेत एक झाकलेला नाला होता. त्याच्यावर बांधायला मनाई. तेव्हा त्यांनी नाल्याच्या दोन अंगांना काँक्रीटचे दोन मनोरे उभे केले, हवेतल्या पुलांनी ते जोडले, आणि नाल्यावर लाकडी फळ्या टाकून दिल्या. समुद्र नसलेल्या त्या शहरात लोक या फळ्यांवर ऊन खात लोळतात. त्या जागेला ‘किनारा’ म्हणतात. एका मनोऱ्याला खिडक्या म्हणून वेडीवाकडी भोके आहेत, गुहेची असावीत तशी. शेजारी पाण्याच्या टाकीचा उंच, चिमणीसारखा स्तंभ. केंद्रासाठी बाईंनी जे चिन्ह काढले त्यात या चिमणीतून धुराऐवजी फुले बाहेर पडतात.

चित्र गोड आहे. मात्र फुलांवर केंद्र चालत नाही. सेस्कचा खर्च भागतो तो व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या मालकांच्या पगारपत्रकावरच्या सक्तीच्या दीड टक्का आकारणीतून. ही पद्धत १९४६ पासूनची आहे. म्हणून तिथे स्वस्तात जेवता येते, पोहता येते. २०१५ साली मारिना अब्रामोविच या कलावतीचे मोठे प्रदर्शन भरले ते याच आवारात, जिथे पलीकडे कोणी बुद्धिबळ खेळत बसलेला असतो. अनुदानाची याचना करणाऱ्या आपल्या कलासंस्थांनी त्या दीड टक्क्याकडे नीट पाहावे.

एरवी कारखान्यात कला शिरते ती बहुधा वेगळ्या वाटेने. बीजिंगच्या ‘७९८’ नावाच्या जुन्या कारखान्यात चित्रकार आले ते भाडे कमी म्हणून. त्यांच्यामुळे जागेला नाव झाले, भाडी चढली आणि त्यांतल्या अनेकांना जागा सोडावी लागली. लाइपझिगच्या जुन्या सूतगिरणीत आज स्टुडिओ आणि गॅलऱ्या आहेत, काम उत्तम चालते. पण तिथे चाती फिरवणाऱ्या बाईच्या नातवाला आत काय मिळते, हा प्रश्न राहतोच.

गिरणगावात तर क्रम उलटा होता. तिथे कला गिरणी चालू असतानाच होती. लाल बावटा कलापथकाची शाहिरी, कामगार रंगभूमी, चाळीचाळींतली भजनी मंडळे, गणपतीतले मेळे. गिरणीत राबलेले कवी नारायण सुर्वे याच वस्तीतून आले. गिरण्या बंद पडल्यावर जयंत पवारांनी ‘अधांतर’ हे नाटक लिहिले, सुधीर पटवर्धनांनी ‘लोअर परळ’ हे चित्र रंगवले. म्हणजे कला उरली, जागा गेली. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: महापालिका, म्हाडा (गृहनिर्माण मंडळ) आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचे उरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एका मॉलच्या आवारात जुनी चिमणी शोभेला ठेवली आहे. तिच्यासमोर फोटो काढणारे पुष्कळ.

काळाचौकीला इंडिया युनायटेडच्या २ आणि ३ क्रमांकाच्या गिरण्यांच्या जागेवर वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचे आहे. त्याची चर्चा इतकी वर्षे चालली आहे की संप पाहिलेली पिढी आता सत्तरीत आहे. काचेच्या कपाटातला धोटा आणि ध्वनिमुद्रित भोंगा एवढ्यावर ते संपू नये. आमची मागणी साधी आहे: आत एक खानावळ हवी, तिथला दर लालबागच्या माणसाला परवडेल असा हवा, पोरांना हातमाग चालवून पाहता यावा, भजनाला आणि तालमीला रात्री दहापर्यंत एक खोली मिळावी, आणि तिचे भाडे ठरवणाऱ्या समितीवर निम्मी माणसे गिरणी कामगारांच्या घरातली असावीत. अंकातला विशेष विभाग या मागणीच्या बाजूने आहे. एक लेख विरोधातही आहे, तो आधी वाचला तरी चालेल.