आज प्रॉम्प्ट तुम्हाला!

'प्रॉम्प्ट' म्हटलं की आता एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. असाइनमेंट उद्या द्यायचीय, रात्रीचे अकरा वाजलेत, आपण मोबाइलवर एक ओळ टाइप करतो आणि समोरून पाचशे शब्द धाडकन येऊन पडतात. पण हा शब्द आधी माणसांसाठी होता. एकांकिका केली असेल तर विंगेतला प्रॉम्प्टर आठवा. अडलेल्याला तो पुढचा शब्द हळूच सुचवतो, त्याच्या वतीने भूमिका करत नाही. लिहिणाऱ्यालाही असाच एखादा शब्द किंवा अर्धं वाक्य पुरतं.

तुम्ही म्हणाल, हे तर शाळेत केलंय. 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त', 'मी पंतप्रधान झालो तर...' केलंय ना! साठ जणांच्या वर्गात साठ पुस्तकं फाटली आणि सगळी एकाच गाइडच्या शब्दांत रडली. त्यात विषयाचा काय दोष? उत्तर आधीच छापून आलेलं आणि लिहायचं ते मार्कांसाठी.

इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात मला सांगण्यात आलं, 'तरुणाईवर काहीतरी लिही.' मास कॉमची डिग्री घेतलेली मी दोन तास नुसती कर्सरकडे बघत बसले. शेवटी शेजारच्या डेस्कवरची ताई म्हणाली, 'ते राहू दे. तुझ्या मेसच्या डब्यावर लिही.' वीस मिनिटांत दीडशे शब्द झाले. झाकणावर मावशींनी ऑइलपेंटने रंगवलेला १७ नंबर, शनिवारची पातळ आमटी. आणि घरी आईच्या प्रत्येक भाजीला नावं ठेवणारी मी इथे डबा पुसून का खाते, हे लिहितानाच माझ्या लक्षात आलं. त्या रात्री घरी फोन केला. मजकूर छापला गेला नाही, ते सोडा.

'फॅरनहाइट ४५१' लिहिणारे रे ब्रॅडबरी कॉलेजात गेलेच नाहीत. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर पेपर विकायचे. त्यांची एक सवय होती : नुसत्या नामांच्या याद्या करायच्या. तळं, रात्र, माळा, घळ. मग त्यातला एक शब्द धरून लिहायला बसायचं. १९४२ मध्ये 'तळं' या शब्दावरून त्यांना लहानपणी पाण्यात गेलेली आणि परत न आलेली एक मुलगी आठवली. दोन तासांत 'द लेक' ही कथा झाली. आपण काहीतरी खरंखुरं स्वतःचं लिहिलंय, असं त्यांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं. वय २२. (माझंही तेवढंच आहे, म्हणून हा किस्सा मला जरा जास्तच आवडतो.)

'मैत्री', 'स्वप्नं', 'आजची पिढी' असले विषय मात्र घेऊ नका, त्यातून भाषणं निघतात. हातात धरता येईल असं काहीतरी घ्या : पासावरचा जुना फोटो, हॉस्टेलच्या दाराची कडी, बंद पडलेला व्हॉट्सॲप ग्रुप. वीसेक चिठ्ठ्या करून एका डब्यात टाका. रोज एक काढायची आणि दहा मिनिटं लिहायचं. नावडती चिठ्ठी निघाली तरी बदलायची नाही, कारण नावडत्या विषयावरच बरेचदा मजा येते. पहिल्या दोन-तीन ओळी ऐकीवच असतात, त्या नंतर खुशाल खोडा. चौथ्या दिवशी कंटाळा येणार, मलाही आला होता. पाचव्या दिवशी दोनच ओळी लिहिल्या तरी चालतं.

'मेसचा डबा' हा विषय मी मशीनलाही देऊन पाहिला. मजकूर अगदी नीटनेटका आला, 'आईच्या मायेची चव' वगैरे सगळं होतं त्यात. १७ नंबर मात्र कुठेच नव्हता.

आज सकाळी माझ्या डब्यातून 'सुट्टे पैसे' निघालंय. अजून लिहायचंय. तुम्हीही हाच शब्द घ्या, दहा मिनिटं लावा आणि बघा तुमच्या वहीत काय येतं ते.