आधी आवाज ऐका

गणपतीत सासरी सगळे जमले होते. दुपारची जेवणं आटोपून पुरुष मंडळी पत्ते खेळत होती, आम्ही बायका मोदकांसाठी नारळ खवत होतो आणि माझा नऊ वर्षांचा भाचा, म्हणजे धाकट्या नणंदेचा मुलगा, बहिणीबरोबर सापशिडी खेळत होता. अठ्ठ्याण्णववर त्याला सापानं गिळलं आणि त्याच्या तोंडून एक हिंदी शिवी बाहेर पडली. आईवरून दिलेली, भर रस्त्यावरच्या भांडणातही चारदा विचार करून द्यावी अशी. सासऱ्यांच्या हातातले पत्ते हातातच राहिले.

नणंदेनं उठून त्याच्या पाठीत धपाटा घातला. पोरगा रडण्याआधी गोंधळला. "पण हरल्यावर दादा तर असंच म्हणतो!" कुठला दादा? घरात तर हाच थोरला. चौकशीअंती कळलं, की हा दादा मोबाइलमधला. गेम खेळताना स्वतःचा व्हिडिओ काढून तो दाखवणारा.

"वहिनी, मी लक्ष ठेवत नाही असं नाही हो," नणंद रात्री काकुळतीनं सांगत होती. "येताजाता बघते ना. रक्त नाही, मारामारी नाही. ठोकळ्यांची घरं बांधतात नुसती. म्हटलं, कार्टूनपेक्षा बरं." ती खोटं बोलत नव्हती. पोळ्या लाटता लाटता पडद्यावर नजर टाकायची ती. पण मुलाच्या कानात इयरफोन असायचे. चित्र सगळ्या घराला दिसत होतं, आवाज मात्र एकट्या त्याला ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याला म्हटलं, "मला शिकव बाबा तुझा तो गेम." आदल्या दिवसाच्या धपाट्यानंतर त्याला याची अपेक्षा नव्हती. सुरुवातीला जपून बोलत होता, मग कळी खुलली. तो ठोकळ्यांचा गेम म्हणजे माइनक्राफ्ट. दगड फोडायचे, लाकूड तोडायचं, त्यातून घर, शेत, किल्ला काय हवं ते उभारायचं. त्यात एक लाल भुकटी असते, ती तारेसारखी अंथरली की दारं आपोआप उघडतात, दिवे लागतात. एका व्हिडिओत कुणीतरी अशा दाराची जोडणी इतकी सावकाश समजावून सांगत होता, की आमच्या वेळच्या विज्ञानाच्या बाईंची आठवण व्हावी. लगेच दुसरा व्हिडिओ लावला. गेम तोच, ठोकळे तेच. पण बोलणारा सारखा किंचाळत होता, मित्राला हसत हसत घाणेरडं बोलत होता आणि दर पाच मिनिटांनी "लाइक करा, नाहीतर मी मरेन" म्हणत होता.

आपण पालक फसतो ते इथेच. गेमला वयाची पाटी असते, व्हिडिओला बहुधा नसते. मोबाइलच्या प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमखाली ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा दिलेला असतो. तो जरूर बघावा. युरोपातल्या पद्धतीत माइनक्राफ्टला ७ वर्षांचा आकडा आहे. पण हा आकडा सांगतो गेमबद्दल. तो खेळून दाखवणाऱ्याच्या जिभेबद्दल तो काहीच सांगत नाही.

उलटही घडतं, आणि ते मला जास्त काळजीचं वाटतं. भाच्याच्या यादीत शिनचॅनचे कितीतरी व्हिडिओ होते. नणंदेनं नाव वाचून ते मोकळे सोडलेले. उघडून बघितलं तर शिनचॅन गाड्या पळवतोय, आणि आजूबाजूचं शहर, बंदुका, पोलीस हे सगळं जीटीए फाइव्ह या गेममधलं. २०१३ साली आलेल्या या गेमला युरोपात १८ चा आकडा आहे. कुणीतरी त्यात कार्टूनचं पात्र घुसवून हिंदीत गोष्ट रचलेली. काही गोष्टी नुसत्या येड्यागबाळ्या होत्या, हसून सोडून द्याव्यात अशा. एकीत मात्र शिनचॅनचा मित्र रस्त्यावरच्या माणसांना उगीचच गाडीखाली घेत होता आणि मागे हशा चालला होता.

भीतीचंही तसंच. निळ्या केसाळ अंगाची, दातांची रांग दाखवणारी बाहुली तुम्ही जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात पाहिली असेल. आमच्या भाचीकडेही आहे. ती २०२१ साली आलेल्या पॉपी प्लेटाइम या भयकथेच्या गेममधली. बंद पडलेल्या खेळण्यांच्या कारखान्यात ती माणसाच्या मागे लागते. ग्रॅनी नावाच्या गेममध्ये कुलूपबंद घरातून पाच दिवसांत सुटायचं असतं, आणि जरा काही पडल्याचा आवाज झाला की म्हातारी धावून येते. मोठ्या मुलांना यात मजा वाटते, हे मी समजू शकते. आपणही लहानपणी अंथरुणात भुताच्या गोष्टी ऐकल्याच की. पण सहा वर्षांची भाची दोन महिने रात्री एकटी बाथरूमला जात नव्हती, आणि घरच्यांना वाटत होतं, शाळेत कुणीतरी घाबरवलं असेल.

मग निवाडा करायचा कसा? मी त्या चार दिवसांत बरेच व्हिडिओ पाहिले. डोकं भणभणलं, पण एक गोष्ट ध्यानात आली. व्हिडिओची सुरुवात बघून काहीही कळत नाही. सुरुवातीला सगळेच 'नमस्ते दोस्तों' म्हणतात. मधला भाग काढा आणि तो माणूस हरतो तो क्षण शोधा. हरल्यावर तो काय बोलतो? स्वतःवर हसतो, पुन्हा प्रयत्न करतो, की समोरच्याच्या आईबहिणीवर घसरतो? आपल्या मुलाने सापशिडीत कसं हरावं, हे तो शिकवत असतो. दहा मिनिटं इयरफोन काढून, आवाज खोलीभर होऊ देऊन ऐका. तीन-चार व्हिडिओ ऐकलेत तर त्या माणसाचा स्वभाव कळतो, आणि गेमपेक्षा तोच महत्त्वाचा आहे.

दुसरं, तो मुलाकडून काय मागतो ते पाहा. लाइक, सबस्क्राइब हे चालायचंच. पण काही जण थेट प्रक्षेपणात पैसे पाठवणाऱ्याचं नाव मोठ्यानं घेतात, आणि त्या एका नावासाठी मुलं वडिलांच्या मोबाइलचा पिन पाठ करतात. व्हिडिओखाली 'रंग ओळखा, पैसे कमवा' छापाची लिंक दिसली, तर ते चॅनेल तिथल्या तिथे बंद करावं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती यांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केला आहे.

मोबाइलमधल्या सोयींचा उपयोग होतो, पण त्यांच्या भरवशावर झोपू नये. यूट्यूब किड्स हे मुलांसाठीचं वेगळं ॲप भारतात २०१६ पासून आहे. त्यात वयाचे गट आहेत, वेळ लावायचं घड्याळ आहे, आणि फक्त आईवडिलांनी निवडलेलेच व्हिडिओ दिसावेत अशीही सोय आहे. ही शेवटची सोय लहानांसाठी उत्तम. जरा मोठ्या मुलांना ते ॲप बाळबोध वाटतं, त्यांच्यासाठी पालकांच्या देखरेखीखालचं खातं काढता येतं. नेहमीच्या यूट्यूबवर 'मुलांसाठी' अशी खूण दिसली तरी ती बहुतेक वेळा व्हिडिओ टाकणाऱ्यानेच केलेली असते, हे ध्यानात असू द्या. आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागतो, तेवढं बंद करा. भाचा त्या किंचाळणाऱ्या दादापर्यंत कसा पोहोचला, हे आम्ही इतिहास उघडून शोधलं. त्यानं त्याला शोधलंच नव्हतं. दार जोडायचं शिकवणाऱ्या व्हिडिओनंतर चौथा तो आपणहून लागला होता.

नणंदेच्या यजमानांचं म्हणणं, सरळ मोबाइलच बंद. त्यांचा राग मला कळतो. एक आठवडा त्यांनी बंद केलाही. भाचा खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे जाऊन बघू लागला, आणि तिथे तर काय बघतो ते विचारायचीही सोय राहिली नाही. शिवाय ज्याच्यामुळे सहाव्या दिवशी मुलगा खोटं बोलायला शिकला, त्या बंदीचा हिशेब कुठे मांडायचा?

शेवटी ठरलं ते असं. इयरफोन कपाटात. बघायचं ते बैठकीत, टीव्हीवर, संध्याकाळी अर्धा तास. नवीन चॅनेल लावायचं तर आधी कुणीतरी मोठ्यानं त्याचे तीन व्हिडिओ ऐकायचे. शिवीचा अर्थ मी त्याला एकांतात, त्याला झेपेल इतका सांगितला. तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "म्हणजे मी ते आईलाच म्हटलं?" त्यानंतर बराच वेळ तो स्वयंपाकघरात आईच्या मागे मागे करत होता.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो, भांडणं होतात, आणि मित्राच्या घरी काय चालतं ते देव जाणे. दार जोडणारा आणि आणखी दोघे पास झाले आहेत, किंचाळणारा गेला. एकाबद्दल घरात दोन तट आहेत. तो शिव्या देत नाही, पण बडबड फार करतो आणि नुसता स्वतःच्या नव्या मोबाइलचं कौतुक सांगतो. भाचा म्हणतो, तो किल्ले सगळ्यांत छान बांधतो. सासऱ्यांनी फोनवर सांगितलंय, दिवाळीत आलात की मला दाखवा, मी ठरवतो.