रात्री नऊ ते दहा

कर्जतमध्ये पतसंस्थेत, मेडिकलवर, खताच्या दुकानात किंवा मोटार रिवाइंडिंगच्या गाळ्यात दिवसभर राबणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. घरी येईपर्यंत अंगातलं बळ संपलेलं असतं, हे मी जाणतो. तरीही रोज एक तास नवं कसब शिकायला काढा.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा तिथं येणारी माणसंही दिवसभर खपूनच येत होती. आपलं दादा पाटील महाविद्यालय ज्या रयत शिक्षण संस्थेचं, तिनं तर 'कमवा आणि शिका' हाच रस्ता हजारोंना दाखवला.

शिकायचं काय? सध्या जे काम करता, त्याच्या शेजारचं. दुकानाचा हिशेब वहीत ठेवत असाल तर तो संगणकावर ठेवायला शिका. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे फुकट आहेत, त्यातले बरेच मराठीत आहेत. धडे छोटे असतात. थोडं पाहायचं, थांबवायचं, तेच आपल्या संगणकावर करायचं आणि मगच पुढं जायचं. नुसतं पाहत राहिलात तर हाती काही लागणार नाही. पुढचं शिकायचं असेल तर केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे संकेतस्थळ आहे. तिथले एनपीटीईएलचे अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची तरच फी भरावी लागते.

मोटारी भरणाऱ्यांनी सौर पंप शिकून घ्यावा. शिवारात पॅनल दिसू लागलेत, पण बिघाड झाला की दुरुस्तीला माणूस बाहेरून येईपर्यंत पीक वाट पाहत नाही. इथं मात्र व्हिडिओवर भागवू नका. पॅनलवर ऊन आहे तोवर त्याच्या तारांत वीज असते, स्विच बंद केला तरी. ती डीसी असते आणि जोड सुटताना ठिणगी लांबते. जाणत्या कारागिराच्या हाताखाली चार रविवार घालवा, मगच तारेला हात लावा.

नोकरीची हमी देऊन आधीच हजारो रुपये मागणाऱ्या क्लासला पैसे भरू नका. कर्ज काढून तर मुळीच नाही.

आणि घरच्यांना एक सांगणं आहे. मुलगा शिकायला बसला की घरातला टीव्ही बारीक होतो. सून बसली की भांडी तिचीच वाट पाहतात. नऊ ते दहा हा तास तिलाही द्या, भांडी दुसऱ्या कुणीतरी घासावीत.

सोमवारची वाट पाहू नका. आज जेवणं झाली की संगणकावर हिशेबाचे तक्ते करायचं 'कॅल्क' उघडा आणि दुकानाचा कालचा गल्ला त्यात भरून पाहा.