अधिवेशन संपलं, आता?

आमच्या नागपूरला डिसेंबरात दोन गोष्टी बरोबरच येतात, थंडी आणि अधिवेशन. १९५३ चा नागपूर करार शाळेत घोकला होता, त्याचीच ही कृपा! मग यशवंत स्टेडियमवरून निघणारे मोर्चे, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवणारे कठडे, बंद रस्ते, ऑटोवाल्यांची चिडचिड... मोर्चा अडला की चार-पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, मंत्रिमहोदयांना निवेदन देतं, फोटो निघतो. आणि बघता बघता अधिवेशनाचं सूप वाजतं. २०२४ साली तर ते सहाच दिवसांत वाजलं.

मोर्चाची मी अजिबात टिंगल करत नाहीये. दूरच्या गावाहून रात्रभर प्रवास करून आलेली बाई टेकडी रोडवर उन्हात बसते, तेव्हा तिच्यामागे काय असतं ते तिलाच ठाऊक. माझं म्हणणं आहे ते आपल्याबद्दल, म्हणजे स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या, पेपर वाचणाऱ्या, सह्यांच्या मोहिमेत सही करणाऱ्या मंडळींबद्दल. विधेयक मंजूर झालं की आपण पेढे वाटतो, अडकलं की हळहळतो. पुढे काय? पुढे काहीच नाही. पुढच्या अधिवेशनापर्यंत सगळं सामसूम.

एक उदाहरण घेऊ. जातपंचायतीने एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणं हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाही. त्याविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये एक कायदा केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरवला. त्यानंतर पन्नासहून जास्त वर्षं या विषयावर राज्यात स्वतंत्र कायदाच नव्हता! अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी २०१३ पासून जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान चालवलं, गावोगाव फिरले, पीडितांना बोलतं केलं. अखेर १३ एप्रिल २०१६ ला, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी, विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक एकमताने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळून कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला २०१७ उजाडलं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. छान कायदा आहे, आपल्याला अभिमान वाटावा असा.

आता त्या छान कायद्याचं जमिनीवर काय होतं ते सांगते. आमच्याकडे रंगकाम करायला येणारे एक भाऊ आहेत. त्यांच्या मुलीने जातीबाहेर लग्न केलं. पंचांनी दंड सांगितला, यांनी दिला नाही. झालं, बोलचाल बंद. घरात आजी गेली तर तेरवीला समाजातलं एक माणूस फिरकलं नाही. स्वयंपाक तसाच पडून राहिला. ते पोलीस ठाण्यात गेले, तर तिथे त्यांना सांगण्यात आलं, "हा तुमच्या समाजातला मामला आहे भाऊ, आपसात मिटवून घ्या." कायदा होऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती.

आम्ही तिघीजणींनी काय केलं? फार काही नाही. कायद्याची मराठी प्रत छापून घेतली, लागू पडणाऱ्या कलमांखाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि त्यांच्यासोबत पुन्हा गेलो. दोन तास बाकावर बसलो. साहेबांनी प्रत वाचली, परत वाचली, कोणाला तरी फोन लावला आणि तक्रार नोंदवून घेतली. बाहेर आल्यावर ते भाऊ मला म्हणाले, "ताई, कायदा होता तर मग मला एकट्याला का नाही दिसला?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. प्रकरण चालू आहे, समाजातली दोन-चार घरं आता चोरून बोलतात, एवढंच.

पण तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. कायदा मंजूर होणं म्हणजे गावात नळाची पाइपलाइन येणं. घराघरात पाणी पोचवायला कोणीतरी खड्डे खणावे लागतात, आणि खड्डे खणण्याचे फोटो कोणी काढत नाही. सगळे म्हणतील की हे सरकारचं काम. बरोबर आहे. सरकारचंच आहे, आणि ते सरकारकडून करून घेणं हे आपलं. जादूटोणाविरोधी कायद्याचंच बघा ना. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात इथे नागपूरला विधेयक मंजूर झालं. ज्यासाठी एका माणसाने आयुष्य घालवलं आणि शेवटी जीवही गेला, त्या कायद्यात दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. आपल्या भागाचा दक्षता अधिकारी कोण, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारलंय?

याच्या उलट दिशेनेही गोष्टी घडतात बरं का. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने शासन निर्णय काढून सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. म्हणजे गाव आधी, मुंबई मागून! ठरावाने सगळं बदलतं असं नाही, पण ज्या बाईला त्या दिवशी नाही म्हणायचंय, तिच्या पाठीशी गावाचा कागद असतो. ही काही छोटी गोष्ट नाही.

म्हणून माझी साधी सूचना. अधिवेशनात काय झालं यावर वाद घालायला आपण सगळे तयार असतोच, आत्याच्या घरी जेवणाच्या पंगतीतसुद्धा तो होतो. यावेळी वादानंतर प्रत्येकाने एकच कायदा निवडावा, नवा किंवा जुना. तो मराठीत वाचावा. त्यात कोणत्या अधिकाऱ्याची नेमणूक सांगितली आहे ते बघावं, नेमला नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा. गावी ग्रामसभा असेल तर सुट्टी त्या तारखेला जोडून घ्यावी. वर्षातून चार तरी ग्रामसभा व्हायलाच हव्यात असा नियम आहे, आणि त्याआधी बायकांची वेगळी सभा. आणि कोणी एकटं पोलीस ठाण्यात निघालं असेल, तर शेजारच्या बाकावर जाऊन बसावं.

यात घोषणा नाहीत, हारतुरे नाहीत. कंटाळवाणं आहे, मान्य. पण मोर्चे गावी परतले, कठडे उचलले गेले की जे उरतं ते हेच काम, आणि ते करायला आमदार असावं लागत नाही.

असो. तुम्ही कोणता कायदा निवडताय ते जरूर कळवा. माझ्याकडे छापलेल्या प्रती अजून शिल्लक आहेत, हव्या असतील तर पाठवते.